किल्ली कुणाच्या खिशात?

वाळूज एमआयडीसीतल्या एका वाचकाच्या पत्राचा सारांश:

"वडिलांनी तीन लेथवर सुरू केलेला जॉबवर्कचा कारखाना आता मी बघतो. माझं वय ३९. चौदा सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी) मशिन, बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट, २८ ऑपरेटर धरून एकूण ४६ माणसं; त्यातली निम्मी कॉन्ट्रॅक्टरची. दुचाकीला लागणारे शाफ्ट आणि बुश आम्ही एका मोठ्या व्हेंडरला पुरवतो. गेल्या वर्षभरात ३१ जण सोडून गेले. सहा महिने शिकवायचं, आणि हात बसला की तो दोन-अडीच हजार जास्त मिळतात म्हणून मोठ्या कंपनीत जातो. चार मुलांना स्वतःच्या खर्चाने चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये प्रोग्रॅमिंगचा कोर्स करायला पाठवलं, पाच महिन्यांत तिघे गेले. रिजेक्शन वाढलंय. कस्टमरने लाइन बंद पडल्याबद्दल दोनदा तंबी दिली. मित्र म्हणतो, मूळ सर्टिफिकेटं ठेवून घे आणि बाँड लिहून घे. एक कन्सल्टंट 'ह्यूमन कॅपिटल मॅनेजमेंट'चं सॉफ्टवेअर घ्या म्हणतो. वडील म्हणतात, माणसांवर घालवतोस त्या पैशात आणखी एक मशिन येईल. शिकवायचं की नाही, एवढंच सांगा."

आधी तारखांबद्दल बोलू. पत्र मिळाल्यावर मी तुमच्याकडून सोडून गेलेल्या सगळ्यांच्या रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा मागितल्या होत्या. तुम्ही मस्टरचे फोटो पाठवलेत. (मस्टर वहिनी लिहितात असं कळलं. इतकं स्वच्छ मस्टर मी माझ्या नोकरीच्या सव्वीस वर्षांत क्वचित पाहिलं.) त्यावरून दिसतं ते असं: ३१ पैकी १९ ऑपरेटर, बाकीचे हेल्पर आणि लोडिंगवाले. या १९ पैकी ११ जण पहिल्या तीन महिन्यांतच गेले. दोघे वर्षाच्या आत गेले. दीड-दोन वर्षं काढून, हातात कसब घेऊन गेले ते फक्त सहा.

म्हणजे "शिकवलं की जातात" हे तुमचं दुखणं सहा जणांपुरतं खरं आहे. अकरा जण शिकण्याआधीच गेलेत. तुम्ही एका रोगावर औषध विचारताय आणि मला तर दोन दिसतात, म्हणून थोडं लांबण लावते.

या अकरांचं आधी बघू. त्यातले सात जण पहिल्या नाइट शिफ्टच्या आठवड्यात किंवा त्यानंतर लगेच गेलेत. ते बघून मी तुम्हाला फोन केला आणि विचारलं, रात्री शॉपवर सेटर (मशिन लावून, जुळवून देणारा) असतो का? तुम्ही म्हणालात, नाही, सेटर दिवसा सगळं लावून जातो. आता जरा त्या पोराच्या जागी उभे राहा. परतूर किंवा गेवराईकडचा, आयटीआय झालेला, वाळूजशेजारच्या रांजणगावात चौघांत एक खोली घेऊन राहणारा. वीस दिवस दिवसपाळीला कुणाच्या तरी शेजारी उभा होता. आता रात्री आठला एकट्याकडे मशिन. दोन वाजता इन्सर्ट (धातू कापणारं पातं) झिजतो, साइज वर सरकायला लागते. नवा इन्सर्ट कपाटात, कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे, सुपरवायझर घरी. ऑफसेट द्यायला, म्हणजे मशिनमधलं माप दुरुस्त करायला, भीती वाटते, मशिन बंद ठेवायलाही भीती वाटते. तो पीस काढत राहतो. सकाळी आठला इन्स्पेक्शनच्या टेबलावर नव्वद पीस नापास मालाच्या लाल डब्यात पडतात आणि सगळ्यांदेखत त्याचा उद्धार होतो. दहा तारखेला पगार घेतो आणि अकरा तारखेला फोन बंद.

तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे "न सांगता गेला" असं लिहिलंय. माझ्या नोकरीत सोडून जाणाऱ्याकडून आम्ही फॉर्म भरून घ्यायचो. कारणाच्या रकान्यात नव्वद टक्के लोक "चांगली संधी" लिहायचे आणि मी ते इमानेइतबारे दर महिन्याच्या रिपोर्टात चढवायचे. फार उशिरा कळलं, की ज्याला जायचंच आहे तो कशाला वाकड्यात शिरेल? कारण समजायचं असेल तर तारीख बघावी. माणूस कशानंतर गेला हे तारखेवरून कळतं.

या अकरांसाठी पगारवाढीची गरज नाही, कोर्सचीही नाही. पहिले दोन महिने नव्या माणसाला रात्री एकटा टाकू नका. दोन सेटरपैकी एकाला आळीपाळीने रात्री ठेवा आणि त्याला त्याचा वेगळा भत्ता द्या. रात्रीपुरते मोजून दिलेले इन्सर्ट मशिनपाशी ठेवा. चोरी होईल म्हणाल, तर महिन्याला चार इन्सर्ट गेले तरी नव्वद पिसांपेक्षा ते स्वस्तच पडतील. आणि हो, पगार दहाला नाही, सातच्या आत करा. तसा कायदाच आहे.

आता त्या सहा जणांकडे येऊ, आणि कोर्सवरून आलेल्या तिघांकडे.

फोनवर मी विचारलं होतं, कोर्स करून आल्यावर ही मुलं काय काम करत होती? तुम्ही म्हणालात, "तेच, आपापल्या मशिनवर." मग प्रोग्रॅममध्ये बदल कोण करतं? "सेटर. प्रोग्रॅम प्रोटेक्टची (प्रोग्रॅम कुणी बदलू नये म्हणून लावलेल्या कुलपाची) किल्ली त्याच्याच खिशात असते. सगळ्यांच्या हातात दिली तर कुणीही काहीही करून ठेवेल." पगार किती वाढवला? "कोर्सचे पैसे आम्हीच भरले होते ना."

तुमच्या बाजूने यात काही चूक नाही असं वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही चार मुलांना पोहायला शिकवलंत आणि विहिरीला कुलूप लावलंत. जो तीन आठवडे जी-कोड (सीएनसी प्रोग्रॅमची भाषा) गिरवून आला, त्याला परत आल्यावर बटण दाबून पीस काढायचा आहे आणि साइज हलली की त्याच सेटरला हाक मारायची आहे, ज्याने कोर्स केलेलाच नाही. ते कोर्समुळे गेले असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, कोर्सचा उपयोग करता येईना म्हणून गेले. त्यांच्या पुढच्या नोकरीत कदाचित पगार दोन हजारांनीच जास्त असेल, पण किल्ली हातात असेल.

किल्ली खिशात ठेवणाऱ्या त्या सेटरलाही दोष देऊ नका. तो पंधरा वर्षं तुमच्याकडे आहे आणि ती किल्ली हीच त्याची बढती, तोच त्याचा विमा. त्याला भीती आहे की चार पोरं तयार झाली तर आपल्याला कोण विचारणार. त्याचं पद वाढवल्याशिवाय, 'तयार केलेल्या प्रत्येक माणसामागे' त्याच्या पगारात काही पडल्याशिवाय तो कुणालाही शिकवणार नाही, शिकवल्यासारखं करेल.

शिकवण्यावर खर्च करावा का, या तुमच्या प्रश्नावर अर्थशास्त्रात जुना खल झालेला आहे. 'मानवी भांडवल' हा शब्द रूढ करणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेतले गॅरी बेकर यांनी १९६४ च्या पुस्तकात कौशल्याचे दोन प्रकार केले: फक्त तुमच्याच कारखान्यात चालणारं आणि कुठेही चालणारं. सीएनसी चालवणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. ते शिकवून मालकाला काय मिळणार, अशी तुमचीच शंका त्यांनीही घेतली होती. त्यांचं उत्तर असं, की कुठेही चालणाऱ्या कौशल्याची फी बहुधा कामगारच भरतो, कारण शिकत असताना तो कमी पगारावर काम करतो. आता तुमचा ऑपरेटर पहिलं दीड वर्ष हेल्परपेक्षा जेमतेम जास्त पगारावर होता ना? मग "आम्ही शिकवलं" या वाक्यात निम्मा वाटा त्याचाही आहे. तो जाताना तुमचं काही चोरून नेत नाही.

शिकवलं की माणसं पळतात, ही भीती आपल्याकडे तपासूनही पाहिलेली आहे. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या बायकांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण कशी मांडावी असं काही महिने शिकवलं गेलं. चिठ्ठ्या टाकून काहींना शिकवलं, काहींना नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना केली. शिकलेल्या बायकांचं काम वाढलं, कंपनीचा खर्च वर्षाच्या आत कितीतरी पटीने वसूल झाला, आणि शिकलेल्या बायका इतरांपेक्षा जास्त संख्येने सोडून गेल्या असंही झालं नाही. शिलाई आणि सीएनसी एक नाही, हे मान्य. वाळूजमध्ये एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायला दहा मिनिटं लागतात, हेही मान्य. पण तुम्ही जे ठाम गृहीत धरलंय ते तितकं ठाम नाही, एवढंच म्हणते.

बाँडबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. फार वर्षांपूर्वी, एका कारखान्याच्या पर्सनल खात्यात असताना, मीच बारा ट्रेनींकडून तीन वर्षांचे बाँड लिहून घेतले होते. मसुदाही माझाच, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान होता. सगळ्यात हुशार दोघांनी पैसे भरले आणि गेले. नवीन कंपनीनेच भरले म्हणे. राहिले ते दहा. त्यातले निम्मे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडत बसले होते. तीन वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात सहा राजीनामे आले आणि त्या तीन वर्षांत त्या लाइनचं रिजेक्शन कधी खाली आलं नाही. थांबवलेला माणूस आणि थांबलेला माणूस यांच्या हातून निघणारा पीस वेगळा असतो. सर्टिफिकेटं ठेवून घेण्याबद्दल तर बोलायलाच नको. ते त्याचं आहे, परत द्या. आधीच कुणाची ठेवली असतील तर उद्याच द्या.

आता पैशांचं बघू. तुम्ही मशिनचा तासाचा दर ३०० रुपये सांगितलात. बारा तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे एका शिफ्टचे एका मशिनमागे ९०,००० रुपये. नवा माणूस पहिल्या महिन्यात निम्मं काम काढतो असं तुम्हीच म्हणालात, म्हणजे ४५,००० गेले. दुसरा महिना, तुटलेले इन्सर्ट, लाल डबा, काही धरत नाही. १९ ऑपरेटर बदलले: ८,५५,००० रुपये. सगळ्या २८ ऑपरेटरांना महिन्याला दोन हजार वाढवले तर वर्षाचे ६,७२,००० होतात, वर पीएफचा बोजा.

हे आकडे बघून लगेच वाढ देऊन मोकळे होऊ नका. मशिन उभं राहिल्याचं नुकसान हातात ऑर्डर असेल तेव्हाच खरं, आणि दोन हजार दिले म्हणून सगळं जाणं-येणं थांबेल असंही नाही. कस्टमर दरवर्षी भाव उतरवून मागतो, तुम्हीही कात्रीत आहात. माझा मुद्दा एवढाच की दोन हजारांची वाढ तुम्हाला दिसते कारण ती पगारपत्रकात येते. साडेआठ लाख कुठल्याच वहीत येत नाहीत, म्हणून ते गेलेलेच दिसत नाहीत. हेन्री फोर्डच्या डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात १९१३ साली असंच चाललं होतं: साधारण १४,००० माणसांचं मनुष्यबळ टिकवायला वर्षात ५२,००० हून अधिक जणांना कामावर घ्यावं लागलं. जानेवारी १९१४ मध्ये त्याने रोजची मजुरी जवळजवळ दुप्पट करून पाच डॉलर केली आणि नऊ तासांची पाळी आठ तासांवर आणली. लोक त्याला उदार म्हणाले. त्याने हिशोब केला होता.

वाढ सरसकट देऊ नका, पायरीने द्या. तुमच्या शॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड असणार. वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या प्रत्येकाकडे तो असतो आणि ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो. नावं आणि मशिनं आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवतो. बोर्ड चांगलाच आहे. फक्त त्या वर्तुळाचा आणि पगाराचा संबंध नाही. तो जोडा. तिसरा भाग भरला की अमुक वाढ, चौथा भरला की अमुक, आणि प्रोग्रॅममध्ये बदल करता आला की किल्ली. आकडा बोर्डाशेजारीच लिहा, म्हणजे कुणाला मालकाच्या मर्जीची वाट बघावी लागणार नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या मुलांची नावंही त्याच बोर्डावर घ्या. तुमचा नेमका पार्ट, नेमकं फिक्स्चर (पार्ट धरून ठेवणारी पकड) जाणणारा माणूस बाहेर दोन हजारांनी महाग असेल, पण तुमच्याकडे तो त्याहून जास्त किमतीचा आहे.

आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. बारा तासांपैकी वरचे तीन-चार तास तुम्ही सिंगल रेटने देता, असं तुमच्या बोलण्यातून निसटलं. कायद्याने दुप्पट दर आहे. मोठ्या कंपनीतल्या दोन हजारांचं गणित मांडताना ऑपरेटर हेही धरतो. तो मूर्ख नाही. हे दुरुस्त करायला पैसे लागतील आणि कदाचित बारा तासांच्या शिफ्टचाच फेरविचार करावा लागेल. मला यावर गोड बोलता येत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. चारशे माणसं असती तर मी घ्या म्हणाले असते. ४६ माणसांत वहिनींच्या मस्टरला तीन रकाने जोडा: कधी आला, कुणी शिकवलं, कशानंतर गेला. कन्सल्टंटला विचारा, यापलीकडे तुमचं सॉफ्टवेअर मला काय सांगेल? पटण्यासारखं उत्तर आलं तर पुढच्या वर्षी बघू. त्यापेक्षा अप्रेंटिसांचं आधी बघा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, आणि स्टायपेंडचा काही भाग सरकारकडून मिळतो. आयटीआयचे प्राचार्य अशा कारखान्यांच्या शोधातच असतात.

वडिलांच्या म्हणण्याकडे मी मुद्दाम शेवटी येतेय, कारण ते तुमच्या घरातलं आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत २००८ पासून एक मोठा प्रयोग झाला. १७ कंपन्यांचे २८ कारखाने, सगळे घरचे धंदे, तुमच्यासारखेच. त्यातल्या काहींना पाच महिने सल्लागार फुकट दिले. नवीन मशिन एकही नाही. बिघाडाची नोंद ठेवा, खराब मालाचं कारण रोजच्या रोज लिहा, सूत नीट लावून ठेवा, कुणाचं काम काय ते ठरवा, चांगल्या कामाला बक्षीस द्या, असल्या साध्या गोष्टी. पहिल्या वर्षात उत्पादकता सरासरी १७ टक्क्यांनी वाढली. आठ-नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा सुरू केलेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या होत्या, विशेषतः जिथे मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ मिळेना तिथे. तरीही हे कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते.

मला त्यातली वेगळीच गोष्ट जास्त लागली. कंपनी किती मोठी होणार हे कारभार किती चांगला आहे यापेक्षा घरात पुरुष माणसं किती आहेत यावरून जास्त कळत होतं. दोन भाऊ असतील तर दोन शेड, तिसऱ्या शेडवर बसवायला मुलगा नाही म्हणून तिसरी शेडच नाही. बाहेरच्या माणसाच्या हाती कारभार द्यायचा विश्वास नव्हता. तुमच्याकडे तिजोरीची किल्ली वडिलांकडे, कपाटाची सुपरवायझरकडे, प्रोग्रॅमची सेटरकडे, आणि ऑर्डरी फक्त तुमच्या फोनवर. पंधरावं मशिन आणलंत तर त्याची किल्ली कुणाकडे असेल? वडिलांना माणसांवरचा खर्च नको, कारण त्यांनी तीन लेथवर स्वतः उभं राहून धंदा केला. तेव्हा सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला मावत होत्या.

जे गेलेत त्यांच्यातल्या सहा जणांना फोन करा. परत ये म्हणायला नाही, विचारायला. मोठ्या कंपनीत बरेच जण कॉन्ट्रॅक्टवरच लागतात आणि काही महिन्यांनी ब्रेक मिळतो (म्हणजे काही काळ कामावरून कमी करतात), तेव्हा दोघे-तिघे आपणहून विचारतील, जागा आहे का. असली तर घ्या, टोमणा न मारता. जे अजून आहेत त्यांनाही विचारा, पण समोर बसवून नको. एका भारतीय गारमेंट कंपनीत अपेक्षेपेक्षा कमी पगारवाढ झाल्यावर काही कामगारांकडून निनावी मत मागवलं गेलं. पगार तोच राहिला, तरी मत विचारलेल्यांमध्ये सोडून जाण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने कमी निघालं. कागद आणि डबा पुरे. फक्त आलेल्या कागदांपैकी एखाद्यावर पंधरा दिवसांत काहीतरी करा, नाहीतर पुढच्या वेळी डबा रिकामा राहील.

कोर्सला गेलेल्या चौघांतला चौथा अजून तुमच्याकडे आहे. तो का थांबला हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, मला वाटतं तुम्ही त्याला विचारलंच नसेल. सेटरला बरोबर घेऊन त्याला सोमवारी सात नंबरच्या मशिनची जादा किल्ली द्या, प्रोग्रॅमची कॉपी आधी काढून ठेवून. पहिला आठवडा तो काहीतरी चुकवेल. त्या आठवड्यात सकाळी आठला इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी तुम्ही नका थांबू, चहा घेऊन साडेआठला या.